साथीत थकलेलं घरभाडं सरकारने भरावं का? (मुंबईपुरती चर्चा)

हिशेबवही
कोविडच्या साथीत, १७ एप्रिल २०२० ला, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली होती, की भाडंवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नका. हेतू चांगला होता, पण सोबत एका रुपयाचीही तरतूद नव्हती. आठ हजारांची खोली धरा. तीन महिन्यांचे २४ हजार थकले, चौथ्या महिन्याचे आठ त्यावर. काम सुरू झाल्यावर पहिल्या पगारातून ३२ हजार कोण देणार?

बहुतेक ठिकाणी मग एकच तोडगा निघाला, ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’. त्यातून खरं नुकसान झालं. डिपॉझिट संपलं की मालक ते पुन्हा भरायला सांगतो किंवा खोली सोडायला. दुसरी खोली घ्यायची तर नवं डिपॉझिट, एका महिन्याचं आगाऊ भाडं, दलालाची एका महिन्याची दलाली आणि टेम्पो, सगळं एकाच दिवशी हातात लागतं. महिना आठ हजार देऊ शकणारं कुटुंब तिथे अडतं आणि शेवटी गावाला किंवा नालासोपाऱ्याच्या पुढे कुठेतरी जातं.

म्हणून पुढच्या साथीसाठी सरकारी भाडेमदतीची योजना आत्ताच लिहून ठेवावी असं माझं मत आहे. जास्तीत जास्त तीन महिने, महिना कमाल ६,००० रुपये, थेट मालकाच्या खात्यात. बदल्यात मालकाने ‘या महिन्यांचं येणं बाकी नाही’ असं सही करून द्यायचं, डिपॉझिटला हात लावायचा नाही आणि पुढचे सहा महिने खोली रिकामी करायला सांगायचं नाही. एक लाख कुटुंबं धरली तर १८० कोटी होतात. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्यापुढे ही रक्कम झेपणारी आहे.

सबमीटर
असहमत. आकडा बरोबर असेल, पण पैसे पोचणार कोणाला? त्याच २०२१ च्या पॅकेजमध्ये रिक्षावाल्यांना १,५०० रुपये होते, ते परवानाधारकाला. दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवणाऱ्याकडे परवाना नसतो, त्यामुळे त्याला काही नाही. घरभाड्यात हेच दहापट होईल. साकीनाका, गोवंडी, मालवणीत खोली तोंडी व्यवहारावर मिळते. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) मालकाचा, लाइट बिल मालकाच्या नावावर, भाडोत्र्याला आत एक सबमीटर आणि युनिटमागे मालक म्हणेल तो दर. रेशनकार्ड गावचं. नोंदणीकृत करार मागितलात तर पैसे अंधेरीच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या पगारदाराला मिळतील. त्यापेक्षा सरळ रोख द्या. भाडं भरायचं की औषध आणायचं, ते कुटुंब ठरवेल.

पार्लेकर
मालक म्हणजे धनदांडगा, असं चित्र नेहमी उभं केलं जातं. एक खोली भाड्याने देऊन त्यावर घर चालवणारी निवृत्त माणसं या शहरात भरपूर आहेत. सोसायटीचा मेंटेनन्स त्यांना कोणी पुढे ढकलून दिला नाही. कर्जाचे हप्ते १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० थांबवायची सोय रिझर्व्ह बँकेने दिली होती, पण व्याज चालूच राहिलं. सरकारने भाडं भरलं तर आनंदच आहे. मात्र ६,००० ची मर्यादा आणि वर ‘येणं बाकी नाही’ची सही, म्हणजे १५ हजारांच्या फ्लॅटवर महिना ९,००० मालकाने सोडायचे. हे सक्तीचं दान झालं, ते मान्य नाही.

शिरस्तेदार
कायद्याची बाजू मांडतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १५ नुसार, थकबाकीची लेखी नोटीस देऊन ९० दिवस झाल्याशिवाय मालक त्यासाठी दावा लावू शकत नाही. समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली तर जागा वाचते. पण हे ‘भाडेकरू’ला, म्हणजे पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) जागेतल्या किंवा चाळीतल्या जुन्या माणसाला. आज मुंबईत बहुतेक नवे व्यवहार ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर, होतात. मुदत संपली की कलम २४ लागतं. त्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. साथीत करार संपला तर लायसन्सवाल्याला कायद्याचा आधार जवळपास नाही. योजनेने आधी हे भोक बुजवावं: अधिसूचित काळात संपणारे करार त्याच दराने आपोआप पुढे चालू. केंद्राच्या जून २०२१ च्या आदर्श भाडेकरार मसुद्यात आपत्ती सरल्यावर एक महिन्यापर्यंत जुन्याच अटींवर राहू देण्याची तरतूद आहे, पण इथे अजून १९९९ चाच कायदा चालतो.

सबमीटर, तोंडी व्यवहार म्हणजे भाडोत्र्याची बाजू लंगडी, असं समजू नका. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडोत्र्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी फारशी महागही नाही. १२,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट, ११ महिने: मुद्रांक साधारण ३४० रुपये, नोंदणी फी १,०००. दलाल त्यावर जे घेतो तो भाग निराळा.

सबमीटर
कलम ५५ कोर्टात चालेल. वस्तीत ते दाखवायला गेला तर संध्याकाळी सामान गल्लीत येतं. आणि मालक कागदावर का येत नाही, तेही बघा. एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली) सदनिका ठरावीक वर्षं विकता किंवा भाड्याने देता येत नाही, तरी बिल्डिंगच्या बिल्डिंगा भाड्याने दिलेल्या असतात. पोटमाळा अनधिकृत असतो. अशा मालकाने सरकारकडून भाडं घेतलं तर तो स्वतःच पुरावा देतो. तो पैसे नाकारेल आणि भाडोत्र्यालाच जायला सांगेल. वाईट योजनेने माणूस आहे त्यापेक्षा लवकर रस्त्यावर येतो, माझी खरी भीती ही आहे.

हिशेबवही
भीती रास्त आहे. म्हणून दोन अटी आधीच लिहाव्या लागतील. योजनेची माहिती एसआरए किंवा महापालिकेच्या कारवाईसाठी वापरता येणार नाही. आणि मालक नाही म्हणाला तर पैसे भाडोत्र्याच्या खात्यात. अमेरिकेत हेच करावं लागलं. तिथे डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मिळून ४६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भाडेमदतीसाठी मंजूर झाली, तरी जुलै २०२१ अखेर जेमतेम पाच अब्ज वाटले गेले होते. कागदांची यादी लांबलचक होती आणि मालक प्रतिसाद देत नव्हते. ऑगस्टमध्ये तिथल्या अर्थखात्याला स्पष्ट सांगावं लागलं, की भाडोत्र्याचं स्वयंघोषणापत्र चालवा.

इथे पुरावा म्हणून यातले कोणतेही दोन चालावेत: मालकाला यूपीआयने पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, मुलाच्या शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या नोंदीतला पत्ता, गॅस सिलिंडरच्या घरपोच पावत्या, सबमीटरच्या चिठ्ठ्या. काहीच नसेल तर स्वयंघोषणापत्र आणि त्याच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या. अर्ज वॉर्ड ऑफिसात नको, आशा सेविकांमार्फत गल्लीतच घ्यावेत. लॉकडाऊनमध्ये लोक वॉर्ड ऑफिसला जाणार कसे?

पार्लेकर, तुमचा मुद्दा मान्य. ६,००० च्या वरची रक्कम माफ नको, ती बारा हप्त्यांत बिनव्याजी फिटावी. डिपॉझिटची अट मात्र सोडू नये.

पार्लेकर
बारा हप्ते चालतील. हप्ता चुकला तर सहा महिन्यांचं संरक्षण संपेल, एवढं लिहा.

खानावळ
सगळी चर्चा कुटुंब धरून चालली आहे. धारावीत एका खोलीत आठ-दहा जण राहतात, दिवसपाळीवाला निघाला की रात्रपाळीवाला त्याच जागी झोपतो. खोली एकाच्या नावावर घेतलेली, तो बाकीच्यांकडून माणशी पैसे गोळा करतो. खोलीमागे मदत दिलीत तर ती त्याच्या हातात जाईल आणि उरलेल्यांकडून तो वसुली करतच राहील. गावाला निघून गेलेल्यांचा वाटा राहिलेल्यांवर पडतो, हे वेगळंच. शिवाय अशा माणसाची खानावळीची उधारी भाड्यापेक्षा मोठी असते. त्याच्यासाठी रोख मदतच बरी, माणशी. इथे सबमीटरच्या बाजूने.

सबमीटर
+१. कुटुंबांना भाडं आणि एकट्या कामगारांना रोख, अशी विभागणी असेल तर माझा विरोध बराच कमी होतो. पण रक्कम अधिकृत शासन निर्णयात हवी. २९ मार्च २०२० ला दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी गरीब भाडोत्र्यांचं भाडं सरकार भरेल असं पत्रकार परिषदेत सांगितलं. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने त्या शब्दाची अंमलबजावणी व्हायला हवी असं म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. तोवर दीड वर्ष गेलं होतं.

शिरस्तेदार
शासन निर्णयच हवा, आणि त्यात तारीख घाला. महाराष्ट्रात साथरोग कायदा १८९७ मधल्या तरतुदी १३ मार्च २०२० पासून लागू केल्या होत्या. तशा तारखेनंतर थकलेलंच भाडं धरावं, आणि नोंदणीकृत करार दाखवायचा असेल तर तो त्या तारखेआधी नोंदलेला असावा. नाहीतर योजना जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या नावाने नवे करार ऑनलाइन नोंदले जातील. यूपीआयच्या नोंदीही त्या तारखेआधीच्या किमान दोन महिन्यांच्या मागाव्यात. भाडं रोखीने देणाऱ्यांसाठी एक सोपं काम आत्ता करता येईल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ नुसार भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरू संघटनांनी मराठी, हिंदी, उर्दूत छापील पावतीपुस्तकं वस्तीत वाटावीत. मालक सही करत नसेल तर निदान दर महिन्याला पैसे दिल्यावर त्याला व्हॉट्सॲपवर तारीख आणि रक्कम लिहून पाठवा, आणि तो मेसेज पुसू नका.