इटलीतल्या मातेराची २ जुलैची जत्रा : आईला घेऊन जावं का?

उदगीरचा_प्रवासी:
रामराम मंडळी. धाकटी बहीण इटलीत बारीला शिकायलीय, जूनच्या शेवटी मी आणि आई तिच्याकडं जायलोत. तिथून जवळच मातेरा म्हणून गाव आहे, दगडात कोरलेली घरं, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत, ते बघायचंच असं ठरलंय. (नाव ऐकून आई म्हणे, गावाचं नाव मातेरं कोण ठेवतं बाई.) बहीण म्हणते २ जुलैलाच या, त्या दिवशी ब्रुना मातेची (तिथं मेरीमातेला या नावानं पूजतात) मोठी जत्रा असते, पार १३८९ पासूनची. पण तिनंच एक व्हिडिओ पाठवला, त्यात शेवटी पोरं देवीच्या रथावर तुटून पडतात आणि बघता बघता रथाचं खरंच मातेरं करतात. आईनं ते बघितलं आणि तेव्हापासून बिनसलंय. देवीचा रथ मोडणाऱ्या गावात मी पाय ठेवणार नाही म्हणायली. आई ६८ वर्षांची, माळकरी, गुडघे दुखतात, आणि आषाढीच्या आत घरी यायचं हे तिनं तिकिटाआधीच वदवून घेतलंय. कोणी गेलंय का तिकडं? झेपेल का तिला? की जत्रा सोडून साध्या दिवशी जावं?

परभणी_टू_मिलान:
मी गेलोय एकदा. पहिलं आईंना हे सांगा की मोडतात तेव्हा रथात देवी नसतेच. दिवस सुरू होतो पहाटे, पाचच्या सुमाराला, तेव्हा मेंढपाळांची मिरवणूक निघते. त्यांना रानात जायचं असायचं म्हणून त्यांचा मान आधी. देवीची तसबीर घेऊन जुन्या गल्ल्यांतून जातात, मधेमधे दणादण बार उडतात, अजून धड उजाडलेलं नसतं, आज्ज्या गॅलरीत शाली गुंडाळून उभ्या. खरं सांगू का, मला दिवसभरात तेच सगळ्यात आवडलं. मग नटवलेल्या घोड्यांवरचे स्वार निघतात आणि देवीची मूर्ती पिच्यानेल्लो नावाच्या वस्तीत नेतात. रथ तिथंच बनतो, लाकडी सांगाड्यावर कागदाच्या लगद्याच्या मूर्त्या, दरवर्षी बायबलमधला वेगळा प्रसंग, कारागीर महिनोन्‌महिने खपतात. संध्याकाळी मूर्ती रथात बसते, रथाला खेचरं जुंपलेली. डोंगरमाथ्यावर कॅथेड्रल आहे, त्याच्या चौकात रथाचे तीन फेरे होतात आणि मूर्ती उतरवून आत नेतात. इथं देवीचं काम संपलं. रिकामा रथ मग खाली मोठ्या चौकात येतो आणि तिथं जे व्हायचं ते होतं.

मी लांब उभा होतो, चढायची हिंमत नव्हती. नंतर शेजारनं एक घामेजलेला पोरगा चालला होता, त्याच्या हातात देवदूताचं अख्खं मनगट. मी बघत राहिलो तर त्यानं त्यातली करंगळी मोडून माझ्या हातावर ठेवली. वरून सोनेरी रंग, आत वर्तमानपत्राच्या घड्या, एका घडीवर फुटबॉलचा स्कोअर अजून वाचता येतो. वर्षभर घरात ठेवायचा म्हणे तुकडा, बरकत असते. माझी करंगळी देव्हाऱ्यात आहे, बायकोनंच ठेवलीय.

तर आईंना पहाटेची मिरवणूक दाखवा, दुपारी झोपू द्या, संध्याकाळी जमलं तर रथ लांबून. रात्रीच्या चौकात मात्र नेऊ नका, तिथं तरण्याताठ्याचा पण जीव गुदमरतो.

मास्तर_नांदेड:
आईंना पैठण आठवून द्या. नाथषष्ठीला काला होतो, हंडी फुटते, तेव्हा आपण हंडीचा अपमान झाला म्हणतो का? लाह्या पदरात घेतो, पाया पडतो. गणपतीचं पण तेच, दहा दिवस जपायचं आणि मग पाण्यात सोडायचं. तिथं एक कथा सांगतात की शत्रू चाल करून आले तेव्हा देवीचा रथ त्यांच्या हाती लागू नये म्हणून लोकांनी स्वतःच मोडला. खरंखोटं देव जाणे, पण मोडणं हे रागानं नसून राखणीतनं आलंय असं ते लोक मानतात. दुसरी कथा तर आपल्या पोथीतली वाटावी. एक अनोळखी बाई गाडीवानाला म्हणते मला गावापर्यंत सोड, वेशीपाशी आल्यावर बघतो तर बाईच्या जागी मूर्ती.

लातूरची_लेक:
मला वाटतं तुम्ही १ ऑगस्टला जायला पाहिजे होतं, पण आषाढीचं म्हणता म्हणजे जमणार नाही. त्या दिवशी मातेरात क्रापियाता करतात. गहू, हरभरे, मसूर, वाल, वाटाणे, बटाटे सगळं एका मोठ्या हंड्यात, आणि प्रत्येक घरानं आपापल्याकडचं मूठमूठ आणून टाकायचं अशी रीत. मी हे वाचलं तेव्हा म्हटलं ही तर आपली येळवसची (वेळ अमावस्येची) भज्जी! फक्त बेसन, चिंच आणि अंबील तेवढं नाही. आपण मार्गशीर्षात रब्बी उभी असताना शेतात करतो, ते सुगी उरकल्यावर गल्लीत करतात.

आणि तिथली पाव म्हणजे ब्रेड बघाच, पायलीएवढी एकेक. पूर्वी भट्टी सगळ्यांची एकच असायची म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असायचा, कणकेवर उमटवायचा, म्हणजे भाजून आल्यावर कोणाची कोणती ते कळायचं. ते शिक्के आता दुकानात मिळतात. मी आणलाय, कोंबड्याचा आहे, पुरणपोळीवर उमटवून बघितला, पोळी फाटली.

मीटरगेज_प्रेमी:
कामाचं सांगतो. बारीहून मातेराला सरकारी मोठी रेल्वे जात नाही, वेगळ्या कंपनीची छोटी गाडी आहे. तिचं गेज ९५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या पूर्णा-अकोला लाइनीवर होतं त्या मीटरगेजपेक्षाही अरुंद. दीड-दोन तास धरून चला. अल्तामुराला गाडी तुटते, अर्धे डबे मातेराला अर्धे दुसरीकडं, त्यामुळं डबा विचारूनच बसा. पहाटेचं बघायचं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, आणि खोली वरच्या सपाट भागात घ्या. खालच्या सास्सी भागात, म्हणजे कोरलेल्या घरांच्या वस्तीत, हॉटेलं झकास आहेत पण नुसत्या पायऱ्याच पायऱ्या, गुडघ्यांचं वाटोळं होईल. एक गंमत बघा, १९५२ च्या कायद्यानं हीच घरं राहण्यालायक नाहीत म्हणून साधारण १५,००० लोकांना बाहेर काढलं होतं, आता तिथंच एका रात्रीचे पैसे ऐकून घाम फुटतो.

उदगीरचा_प्रवासी:
सगळ्यांचे आभार, लई कामाचं सांगितलंत. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. मूर्ती आधी आत नेतात म्हटल्यावर जरा नरमली, मग म्हणाली मेंढपाळांचा मान पहिला असेल तर जाऊ. १ तारखेचा मुक्काम बघायलोय. चौकात ती येणार नाही, मी जाणार आहे. निघताना ऐकवलंच, तुकडा मिळाला तर आण पण तू वर चढू नको, तुझं वजन बघ आधी.
@मीटरगेज_प्रेमी पुढचा डबा की मागचा?

मीटरगेज_प्रेमी:
विचारून बसा म्हटलं ना 😄