मदत हवी आहे: डेटा सायन्सचा क्लास लावू का? शनिवार शेवटची तारीख

मृगनक्षत्र | मंगळवार, रात्री ९:४०
नमस्कार. मी एमएस्सी करते, दारव्हा तालुक्यात राहते. नागपुरातल्या एका क्लासमध्ये डेटा सायन्सचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. फी ७५ हजार, त्यातले २० हजार शनिवारपर्यंत भरले तरच सीट राहील म्हणतात. नोकरीची हमी आहे. बाबा सोयाबीन विकून पैसे द्यायला तयार आहेत. मला पुढे संशोधनात पण जायचं आहे. प्रशिक्षण कुठे मिळतं, संशोधनाची संधी कुठे मिळते, कॉलेजात कोणीच नीट सांगत नाही. भरू की नको एवढं सांगा. घाई आहे.

कोडवाला_पुणे | रात्री ९:५२
आधी पायथन, मग एसक्यूएल, मग कॅगल या साइटवर डेटाच्या स्पर्धा. क्लासची गरज नाही. लॅपटॉप मात्र १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डवाला घे, त्याशिवाय डीप लर्निंग अवघड जातं.

आकडेमोड | रात्री १०:०५
एमएस्सी कशात? कितवं वर्ष? नोकरी हवी की पीएचडी? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर हो-नाहीत पाहिजे. असं कोणी कसं सांगणार?

वऱ्हाडी_बाणा | रात्री १०:२०
पोरी, हमी कागदावर लिहून देऊन राह्यले का? माया भाच्यानं असाच कोर्स केला. शेवटी त्याले कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू देला आन म्हने झाली आमची हमी पुरी. सोयाबीन इकू नको म्हना बापाले, भाव पाहा आधी.

मृगनक्षत्र | रात्री १०:३१
पहिलं वर्ष. लॅपटॉप नाही, मोबाईल आहे. कॉलेजची लॅब चारला बंद होते. नोकरी आणि संशोधन दोन्ही चालेल. आता सांगा.

अभ्यासिका | रात्री १०:३८
ताई, एमपीएससीचा विचार केलात का? ग्रॅज्युएशनवर फॉर्म भरता येतो. यवतमाळला अभ्यासिका स्वस्त आहेत.

बेंबळाकाठ | रात्री १०:४४
मी नागपुरात क्लास लावूनच लागलो, त्यामुळे सगळेच क्लास फसवे असं म्हणू नका. रोज बसायची शिस्त लागते, प्रश्न विचारायला माणूस समोर असतो. गावात एकट्याने व्हिडिओ पाहून शिकणं अवघड आहे.

आकडेमोड | रात्री १०:५०
@बेंबळाकाठ तुमची पदवी कोणती?

बेंबळाकाठ | रात्री १०:५३
बीई कॉम्प्युटर.

आकडेमोड | रात्री १०:५६
म्हणजे तुम्हाला नोकरी पदवीने दिली की क्लासने, हे वेगळं काढता येत नाही. @मृगनक्षत्र, विषय अजून सांगितलेला नाहीस.

मृगनक्षत्र | बुधवार, सकाळी ६:१५
प्राणिशास्त्र. क्लासवाले म्हणाले कोणत्याही शाखेचं चालतं.

कोडवाला_पुणे | सकाळी ८:३०
अरे! मग हे लांबचं काम आहे. एमटेकच्या गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला आहे, डीए नावाचा. तो दे आणि आयआयटीत एमटेक कर.

आकडेमोड | सकाळी ९:१०
अर्धीच माहिती देऊ नका. विज्ञान शाखेतल्या कोणालाही गेटला बसता येतं, हे खरं. पण एमटेकला प्रवेश देताना संस्था मूळ पदवी पाहते आणि प्राणिशास्त्राला बऱ्याच ठिकाणी दार बंद असतं. तिच्यासाठी एक्सएल हा जीवविज्ञानाचा पेपर आहे, शिवाय सीएसआयआर नेटचा लाइफ सायन्सेस. नेट-जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहेत. संशोधनात जायचं असेल तर तो रस्ता तिच्या पदवीवरूनच जातो, डीएवरून नाही.

शिकायचं कुठे, तर एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. वर्षातून दोन सत्रं, जानेवारी आणि जुलै. व्हिडिओ फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचे १००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५००. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला थोडं वजन आहे. ‘पायथन फॉर डेटा सायन्स’ हा आयआयटी मद्रासचा चार आठवड्यांचा कोर्स आहे. पण मी तुझ्या जागी असतो तर आधी आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा घेतली असती. आयआयटी कानपूरचे प्रा. शलभ यांचा आरवरचा कोर्स अगदी पहिल्या पायरीपासून आहे. जीवविज्ञानाच्या शोधनिबंधांत आर फार चालतं.

कोडवाला_पुणे | सकाळी ९:२५
आर जुनं झालं. बाजारात पायथन विचारतात.

आकडेमोड | सकाळी ९:३१
बाजार तुमच्या ऑफिसचा. तिने संशोधन म्हटलं आहे.

मेळघाटचा_मास्तर | सकाळी ११:००
इंग्रजीची अडचण आहे का, हे कोणी विचारलंच नाही. आमच्या मुलांचा पहिला अडसर तोच असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरेच धडे मराठी आवाजात आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे. ते उतरवून घेता येतात, म्हणजे टॉवर गेला तरी काम थांबत नाही. त्याच आयआयटीचा मुक्त सॉफ्टवेअरचा फॉसी प्रकल्प फेलोशिप देतो. तिथे निवड मार्कांवर किंवा कॉलेजच्या नावावर होत नाही. ते एक काम देतात, ते करून दाखवायचं. तालुक्याच्या मुलीसाठी यापेक्षा सरळ दार मला माहीत नाही.

दुसरं, आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी. एमएस्सी सोडावी लागत नाही, दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली. आर्थिक स्थिती आणि प्रवर्गानुसार फीत ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. मधल्या टप्प्यावर डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं. पण वेळ फार खाते.

मृगनक्षत्र | दुपारी १:२०
इंग्रजी वाचता येतं, भरभर बोललेलं कळत नाही. सर, एवढी नावं एकदम आली की काहीच सुचत नाही. एमएस्सी, त्यात सरांच्या प्रोजेक्टची मोजणी, त्यात हे. क्लासमध्ये निदान एकाच जागी सगळं मिळेल.

शेतकीवाला | दुपारी २:०५
कसली मोजणी?

मृगनक्षत्र | दुपारी २:३०
सापळ्यातले पतंग. गुलाबी बोंडअळीचे. त्याचा इथे संबंध नाही.

शेतकीवाला | दुपारी २:३४
आहे. किती गावं, किती सापळे, कधीपासून? कोणत्या कागदावर?

मृगनक्षत्र | सायंकाळी ५:५०
कामगंध सापळे. बीएस्सी शेवटच्या वर्षापासून सरांसोबत करते. मागचा हंगाम पूर्ण झाला, हा चालू आहे. पाच गावं, प्रत्येक गावात चार शेतं. एक दिवसाआड सकाळी मोजतो. रजिस्टरमध्ये आहे सगळं.

शेतकीवाला | सायंकाळी ६:४०
मी कपाशीच्या किडींवर काम केलेला माणूस आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने काय केलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. बीटी कपाशीला ही अळी दाद देईनाशी झाली, तेव्हापासून सगळा भर लवकर ओळखण्यावर आहे. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री ८ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, ही पातळी शेतकऱ्यांना सांगितली जाते. ती वापरायची तर कोणीतरी रोज सापळा उघडून मोजावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच कोणी सातत्याने करत नाही. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने कॉटनएस नावाचं ॲप केलं, तेही सापळ्यातल्या पतंगांचा फोटो घेऊन मोजणी आणि फवारणीचा सल्ला देण्यासाठी. म्हणजे तू ज्याचा इथे संबंध नाही म्हणतेस, त्यावर एआयची एक संस्था काम करते.

क्लासमध्ये तुला जहाजातल्या प्रवाशांचा किंवा परदेशातल्या घरांच्या किमतींचा तयार तक्ता देतील. तो हजारोंनी सोडवलेला आहे. तुझ्या पाच गावांचं रजिस्टर दुसऱ्या कोणाकडे नाही.

आता प्रश्न. ल्युअर, म्हणजे पतंगाला ओढणारी सापळ्यातली वासाची वडी, कधी बदलला ते नोंदलं आहे का? जुन्या ल्युअरला पतंग कमी येतात, त्यामुळे कीड कमी झाल्याचा भास होतो. मोजायला गेलाच नाहीत त्या दिवशी शून्य लिहिलं की जागा रिकामी ठेवली? पेरणीची तारीख आणि वाण आहे का? फवारणी?

मृगनक्षत्र | रात्री ८:१५
ल्युअर बदलल्याच्या तारखा मागच्या पानावर आहेत. पेरणी, वाण आहे. फवारणी शेतकरी सांगतात तेवढीच. नाही गेलो त्या दिवशी आडवी रेघ मारतो, शून्य वेगळं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आकडेमोड | रात्री ८:२२
रेघ आणि शून्य वेगळं ठेवणारे सर तुला मिळाले आहेत, मुली. डेटा सायन्स तिथूनच सुरू होतं.

वऱ्हाडी_बाणा | रात्री ८:४०
बोंडअळीचंच निंघालं तं सांगतो. अमावस्येच्या आगंमागं पतंग अंडे देते. फवारा तवाच मारा लागते. आन फरदड ठेवू नका कोनी, डिसेंबरात पऱ्हाटी उपटून फेका.

कोडवाला_पुणे | रात्री ८:४८
अमावास्या वगैरे अंधश्रद्धा आहे. डेटावर बोला.

वऱ्हाडी_बाणा | रात्री ८:५५
तुमी पुन्यात बसून कपाशी पाह्यली का कदी? आमचे बुढे काई येडे नव्हते.

शेतकीवाला | रात्री ९:१५
फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी ठेवण्याचं, शंभर टक्के बरोबर, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला-राहायला तीच मिळते. अमावास्येला मात्र दोघंही घाई करता. चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात, हे कीटकशास्त्रात मान्य आहे. कामगंध सापळ्यात पतंग वासावर येतो, तिथे तसंच होतं असं धरून चालता येत नाही. अंडी घालणं हा आणखी वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर सापळा देत नाही, कारण त्यात फक्त नर अडकतात.

@मृगनक्षत्र, एमएस्सीच्या प्रबंधाला हा प्रश्न तयार आहे. तारखेवरून तिथी काढता येते. तिथी, ल्युअरचं वय, तापमान, पाऊस हे रकाने जोडायचे आणि पतंगांची संख्या कशाने हलते ते पाहायचं. दोन हंगाम मिळून बारा-एक अमावास्या हाती येतील. त्यावरून ठाम काही म्हणताना जपून राहावं लागेल, पण ‘दिसतं’ की ‘दिसत नाही’ एवढं प्रामाणिकपणे लिहिता येईल.

आकडेमोड | रात्री ९:३०
आणि त्यासाठी डीप लर्निंग लागत नाही, ग्राफिक्स कार्ड तर नाहीच. हा मोजणीचा डेटा आहे, बरीच शून्यं आणि मधूनच मोठे आकडे. कीटकांच्या मोजणीत विचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा, सरासरीच्या कितीतरी पुढे जातं, म्हणून मोजणीसाठीचं साधं पॉसाँ मॉडेल बसत नाही, निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल घ्यावं लागतं. एकाच शेतातले आकडे एकमेकांशी जोडलेले असतात, तेही धरावं लागतं. आरमध्ये ही दोन-चार ओळींची गोष्ट आहे. त्या ओळींचा अर्थ कळायला एक सत्र जाईल.

कोडवाला_पुणे | रात्री ९:४४
मान्य, या डेटाला कार्ड नको. पायथन असो की आर, ऑनलाइन कोड चालवायचं गुगल कोलॅब मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं, फक्त टायपिंगचा त्रास होतो. रजिस्टर गुगल शीटमध्ये मोबाईलवर भर आणि कोड कॉलेजच्या लॅबमध्ये चालव. तापमानासाठी नासा पॉवरचा रोजचा डेटा फुकट मिळतो, अक्षांश-रेखांश टाकले की झालं.

शेतकीवाला | रात्री ९:५८
नासाचा एक आकडा फार मोठ्या चौकोनाचा असतो, आजूबाजूची बरीच गावं एकातच येतील. तापमानाला चालेल. पाऊस महसूल मंडळाचा घे, राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळनिहाय आहेत.

मृगनक्षत्र | गुरुवार, सकाळी ६:०५
हे सगळं केलं तर मला कोण घेणार? क्लास निदान नोकरी देतो म्हणतो.

शेतकीवाला | सकाळी ७:३०
केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, १९७६ पासून. मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो नागपुरात, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था नागपुरात, पर्यावरण संशोधनाची नीरी नागपुरात. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. या संस्थांच्या वेबसाइटवर प्रकल्पातल्या जागांच्या, यंग प्रोफेशनल या कंत्राटी पदांच्या मुलाखती लागतात. दर सोमवारी बघायची सवय लाव. कृषी संशोधन परिषदेच्या संस्था बाहेरच्या एमएस्सी विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या कामासाठी घेतात. फी असते, ती आधी विचार आणि सरांच्या सहीचं पत्र ने. ‘मला डेटा सायन्स शिकायचं आहे’ असं लिहिलंस तर उत्तर येईलच असं नाही. ‘माझ्याकडे पाच गावांच्या सापळ्यांची दोन हंगामांची नोंद आहे, विश्लेषणात मार्गदर्शन हवं’ असं लिहिलंस तर शास्त्रज्ञ पत्र पूर्ण वाचेल.

मेळघाटचा_मास्तर | सकाळी ८:१०
यात भर. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची, देशातल्या शास्त्रज्ञाकडे, मानधनासह. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा, म्हणजे तुला हेच वर्ष. मुदत दिवाळीच्या आसपास संपते, आजच वेबसाइट बघ. शिक्षकाचं शिफारसपत्र आणि छोटं टिपण लागतं. टिपणात सापळे लिही.

पुढे पीएचडीला बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. कोणती लागू ते प्रवर्गावर आहे. प्रवर्ग इथे लिहू नकोस, समाजकल्याण कार्यालयात विचार.

बेंबळाकाठ | सकाळी ९:००
नोकरीची हमी लिहून देत नसतील तर मीही म्हणेन, थांब. निदान शनिवारी भरू नको. खरी सीट सहा महिन्यांनीही असते.

आकडेमोड | सकाळी ९:२०
एक महत्त्वाचं राहिलं. रजिस्टर सरांच्या प्रकल्पाचं आहे. कुठेही पाठवण्याआधी त्यांची लेखी परवानगी घे, शोधनिबंध झाला तर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमाने हे आत्ताच बोलून घे. शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर शीटमधून काढ, शेताला क्रमांक दे.

मृगनक्षत्र | शुक्रवार, रात्री ८:३५
सरांशी बोलले. परवानगी देतो म्हणाले, नागपूरच्या पत्रावर सहीही करतो म्हणाले. अकादमीच्या अर्जाला अजून दिवस आहेत, आज टिपण लिहायला घेतलं. क्लासला उद्या पैसे भरत नाही, बाबांना सांगितलं. एनपीटेलच्या जानेवारीत आर घेणार.
एका गावाची शीट भरली, पण काही ठिकाणी ५-७ असं लिहिलं आहे. ते पाच ते सात पतंग की तारीख, मलाच कळत नाही. तो हात माझ्या मैत्रिणीचा आहे.

शेतकीवाला | रात्री ८:५०
मैत्रिणीला आजच विचार, पुढच्या वर्षी तिलाही आठवणार नाही. कळलं नाही तर अंदाजाने आकडा टाकू नको, रिकामं ठेव आणि शेजारी शेरा लिही. तारीख सगळीकडे वर्ष-महिना-दिवस अशीच ठेव. शेताचा क्रमांक आणि ल्युअरची तारीख प्रत्येक ओळीत आली पाहिजे. पत्राचा मसुदा इथे टाक, नागपूरला जाण्याआधी बघून देतो.