१२ जीबीचं आरटीएक्स ३०६० की ८ जीबीचं ४०६०?

खेळिया (धागाकर्ता):
एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. मध्यम दर्जाचा पीसी जुळवताना या दोहोंत निवड करायची वेळ अजूनही अनेकांवर येते, आणि सल्ला हमखास एकच मिळतो: नव्या पिढीचं घ्या, विचार कसला करता! मला तो पटत नाही. कार्ड चार-पाच वर्षं टिकवायचं असेल तर १२ जीबी मेमरीचं ३०६० घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशोब करून बघा. ३०६०ची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, १९२ बिटची, दर पिनचा वेग १५ गिगाबिट. गुणाकार करून आठने भागलं की सेकंदाला ३६० जीबी. ४०६०ची बस १२८ बिटची. मेमरीचा वेग दर पिनला १७ गिगाबिट असूनही आकडा २७२ जीबीवरच अडतो. पुढच्या पिढीत मेमरी १२ वरून ८ जीबीवर आली, तिच्याकडे जाणारी वाट अरुंद झाली, कुडा कोअर (एकाच वेळी गणितं करणारे छोटे घटक) हेही ३५८४ वरून ३०७२ झाले. दोन वर्षांनी आलेल्या कार्डाकडून ही अपेक्षा नव्हती.

क्लॉकस्पीड:
असहमत. नुसते कोअर मोजून काय होणार? ३०६०चा बूस्ट क्लॉक, म्हणजे भार पडल्यावरचा कोअरचा वेग, १७७७ मेगाहर्ट्झ, ४०६०चा २४६०. कोअर कमी असूनही कागदावर १२.७ टेराफ्लॉप्सच्या (सेकंदाला लाख कोटी गणितं) जागी १५.१ मिळतात. प्रत्यक्ष गेममध्ये १०८०पी रिझोल्यूशनला, फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने रचलेल्या फ्रेम घालणं) बंद ठेवून, नवं कार्ड साधारण १५ ते २० टक्के पुढे असतं.

बसचं म्हणाल, तर एल-टू कॅशचा, म्हणजे चिपवरच्या छोट्या जलद मेमरीचा, उल्लेखच तुम्ही टाळलात. ३०६०ला ३ एमबी, ४०६०ला २४ एमबी. वारंवार लागणारा डेटा चिपवरच सापडला की मेमरीकडे फेऱ्या मारायची गरज कमी होते, म्हणून तर अरुंद बसवर भागतं. आणि हे सगळं ११५ वॉटमध्ये, जुन्याला १७० लागतात. तासन्‌तास खेळणाऱ्याला उष्णता आणि पंख्याचा आवाज यांतला फरक रोज जाणवतो.

खेळिया:
कॅशचा फायदा मान्य. पण ती फेऱ्या वाचवते, जागा वाढवत नाही. शिवाय रिझोल्यूशन १४४०पीवर नेलं की हवा तो डेटा कॅशमध्ये सापडण्याचं प्रमाण घटतं.

८ जीबी भरल्यावर काय होतं ते बघा. उरलेली टेक्श्चर्स (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) पीसीच्या सिस्टिम रॅममध्ये जातात आणि लागतील तेव्हा पीसीआय-एक्स्प्रेस या मदरबोर्डवरच्या जोडणीवरून ओढून आणावी लागतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बऱ्यापैकी दिसतो, पण कॅमेरा झटकन वळवला की चित्र अडखळतं. हे बघायचं तर सरासरी सोडून एक टक्का लो, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, बघा. काही गेम त्याहून फसवे. ते अडखळत नाहीत, गुपचूप हलक्या प्रतीचं टेक्श्चर लावतात. भिंतीजवळ जाऊन उभे राहिलात तर विटांच्या जागी पुसट तांबडा पट्टा दिसतो आणि दोन-तीन सेकंदांनी सांधे उमटतात, कधी उमटतही नाहीत. बेंचमार्कच्या आलेखात याची नोंद कुठे होते?

त्रिमिती:
मी गेम फारसे खेळत नाही, ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर आणि घरच्या मशीनवर एआय भाषा मॉडेल चालवतो.

ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये सीन मेमरीत मावतो तोवर ४०६० नक्की जलद. मावेनासा झाला की सिस्टिम रॅमचा आधार घेतला जातो आणि रेंडर रेंगाळतो. भाषा मॉडेलच्या बाबतीत मात्र मला शंकाच नाही. प्रत्येक टोकनसाठी (शब्द किंवा त्याचा तुकडा) मॉडेलची सगळी वजनं, म्हणजे त्याने शिकलेले आकडे, मेमरीतून पुन्हा वाचावी लागतात. अनेक जीबींच्या मॉडेलपुढे २४ एमबी कॅश काय कामाची? तिथे ३६० विरुद्ध २७२ हाच सामना. शिवाय १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल, दर वजनाला चारच बिट देऊन, लहान केलं तरी साडेसात-आठ जीबीच्या आसपास जातं, वर संदर्भासाठी जागा लागते ती वेगळीच. १२ जीबीत ते आरामात बसतं. त्यामुळे माझं मत धागाकर्त्यांना.

रात्रपाळी:
फ्रेम जनरेशन कुणीच हिशेबात धरत नाही? डीएलएसएस अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणं) दोन्ही कार्डांत आहे, पण डीएलएसएस ३चं फ्रेम जनरेशन फक्त ४०६०वर. गोष्टीप्रधान गेम सावकाश खेळणाऱ्याला त्याने खरंच चित्र नितळ मिळतं. आणि एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडर! ३०६० एव्ही१ फक्त डीकोड करू शकतं. तेवढ्याच बिटरेटला एव्ही१मध्ये चित्र जुन्या एच.२६४ फॉरमॅटपेक्षा स्वच्छ राहतं. रेकॉर्डिंग, स्ट्रीमिंग करणाऱ्याने एवढ्यासाठी नवं घेतलं तर मी त्याला दोष देणार नाही.

खेळिया:
एव्ही१चा मुद्दा बिनतोड आहे. फ्रेम जनरेशनचा नाही. मधली फ्रेम तयार करायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे ती थोडी रोखून धरावी लागते. मुळात ३५-४० फ्रेम मिळत असतील तर पडद्यावर ६५ दिसतील, पण माउसला प्रतिसाद ३५-४०चाच किंवा त्याहून मंद. शिवाय या सोयीला स्वतःलाच मेमरी लागते, आणि ती द्यायची कुठून, तर त्याच ८ जीबीतून.

सुटेभाग:
जुना पीसी सुधारणाऱ्यांनी मदरबोर्ड आधी बघा. ४०६० पीसीआय-एक्स्प्रेसच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, ३०६० सोळा. पीसीआय-एक्स्प्रेस ४.०च्या बोर्डवर आठ लेन म्हणजे एका दिशेला सुमारे १६ जीबी प्रतिसेकंद, ठीक आहे. पण बोर्ड ३.०चा असेल तर त्याच आठ लेनवर सुमारे ८ जीबीच, तर ३०६०ला तिथेही १६. मेमरी भरल्यावर वर सांगितलेलं अडखळणं अशा मशीनवर जास्त बोचतं.

आणखी एक. ३०६०चीच ८ जीबीची आवृत्तीही आहे, १२८ बिट बस आणि फक्त २४० जीबी बँडविड्थ. खोक्यावर ठळक नाव तेच. या धाग्यातला एकही युक्तिवाद तिला लागू नाही, ती घेऊ नका.

क्लॉकस्पीड:
लेनचं बरोबर. तरी मी ४०६०वरच. ओव्हरलेमध्ये (खेळताना पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत) ८ जीबी भरलेले दिसले म्हणजे कमी पडले असं होत नाही, गेम मोकळी जागा दिसली की आधीच अडवून ठेवतात. टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणा, १०८०पीला बहुतेक गेममध्ये फरक शोधूनही सापडत नाही. तेवढ्यासाठी प्रत्येक गेममधला पंधरा टक्के वेग सोडायचा?

खेळिया:
आज हायवर भागतंय, दोन वर्षांनी मीडियमवर यावं लागेल, आणि तिथला फरक डोळ्यांना दिसतो. सावल्या, परावर्तनं, धुकं कमी केलं की बदल्यात फ्रेम मिळतात. टेक्श्चरचं तसं नाही. मेमरी पुरेशी असेल तर ती वरच्या पायरीवर ठेवूनही वेग जवळपास तेवढाच राहतो. संथ कार्डावर मी बाकीच्या सेटिंग्ज खाली आणून वेग वाढवू शकतो, ८ जीबीचे १२ मात्र कुठल्याच सेटिंगने होत नाहीत.