जंगी पलटणीतले मामा

तुमच्या वडिलांनी लढाईबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या रहिमतपूरच्या थोरल्या मामांचंही तेच. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. 'शरण या' या निरोपाला पाकिस्तानी कर्नलने चिठ्ठीत गोळी गुंडाळून उत्तर धाडलं, आणि १० तारखेच्या रात्री निसटू पाहणारी त्याची फौज मराठ्यांच्या माऱ्यात सापडली. हे मला कळलं ते वाचून. मामांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "थंडी लई होती."

रविवारी रात्री मात्र ओसरीवर पेपर पसरून घरातल्या सगळ्यांचे बूट पुढ्यात घ्यायचे, भाडेकरूच्या पोराचेसुद्धा. आधी ब्रश, मग चेरी ब्लॉसम, मग जुन्या धोतराची चिंधी. टाचेकडे चमक आली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मामी म्हणायच्या, "पेन्शनीत आले, पण पलटण काही सुटंना." पुढे मामींनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांची वेणीही हेच घालायचे. गल्लीत कुजबुज झाली, होऊ दिली. (मला विचाराल तर शौर्य हेच.)

वडिलांची काळी ट्रंक असेल तर झाकण बघा, बहुधा नाव-नंबर रंगवलेला असतो. मराठा पलटण असेल तर तो नंबर देऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला वडिलांच्या नोकरीची नोंद विचारणारं पत्र टाका.