जुन्या पोस्टकार्डांवरचे शहर: काळ कसा ओळखावा?

प्रश्न:
आजोबांच्या ट्रंकेत आमच्या शहराची साठेक चित्र-पोस्टकार्डे सापडली असून, ती वडीलधाऱ्यांना दाखवून त्यांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. एका कार्डावर घड्याळाचा मनोरा आहे आणि चित्राच्या कडेला फिकट शाईत "सुखरूप पोहोचलो" एवढेच लिहिले आहे. पुष्कळ कार्डांवर तारीखच नाही. त्यांचा काळ कसा ठरवावा?

प्रतिसाद १:
आधी कार्ड उलटून पाहावे. सुरुवातीला मागची संपूर्ण बाजू पत्त्यासाठीच राखीव असे, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला लिहावा लागे. मागे उभी रेघ ओढून मजकूर आणि पत्ता शेजारीशेजारी लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली, तर अमेरिकेत १९०७ साली मिळाली. मनोऱ्याच्या कार्डामागे रेघ आहे का?

प्रतिसाद २:
टपालाच्या शिक्क्यावरून कार्ड कधी धाडले ते कळते, छायाचित्र कधी टिपले ते नव्हे. रंगांवर तर विसंबूच नये, कारण ते पुष्कळदा कृष्णधवल छायाचित्रावर नंतर चढवलेले असत.

प्रतिसाद ३:
आठवणी विचारताना "हे काय आहे?" असे न म्हणता "इथून घरी कसे जायचात?" असे विचारून पाहा. माझ्या आईने एका कार्डातल्या बंद खिडकीवर बोट ठेवले आणि ती अर्धा तास बोलत राहिली. कार्डांच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. मागे क्रमांक घालायचा तर मऊ पेन्सिलीनेच, अगदी हलक्या हाताने.