मदत हवी आहे: काट्यावरचा स्विच आत घेईना, लोकल पासवर्डही चालेना

गोदाम_सांगली: सकाळपासून अडकलोय, लवकर सांगा. पाच नेटवर्क स्विचवर रेडियस लॉगिन चालू केलं, म्हणजे पासवर्ड स्विच नाही, मधला सर्व्हर तपासतो. चार ठीक, मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावरचा कुणालाच आत घेत नाही. लोकल अ‍ॅडमिनही नाही, म्हणजे स्विचमध्येच ठेवलेलं खातं; कन्सोलची केबल थेट स्विचला लावून बसलो तरी तेच. पासवर्ड बरोबर आहे.

केबलवाला_मिरज: स्विच कुठला, सर्व्हर कुठला, कमांड काय दिली? एवढं तरी लिहा की.

गोदाम_सांगली: स्विच सिस्को 3560, सर्व्हर फ्रीरेडियस. कमांड बाकी चारींना दिली तीच.

जुना_अ‍ॅडमिन: रेडियस सोडा, टॅकॅक्स प्लस घ्या, तीही लॉगिन तपासायचीच पद्धत. टीसीपी पोर्ट 49 वर चालते, पासवर्डच काय, सगळा मजकूर एन्क्रिप्ट होऊन जातो. कुणी कुठली कमांड मारली तेही कळतं.

केबलवाला_मिरज: अहो, माणूस दाराबाहेर उभा आहे. आधी दार उघडू द्या.

नेट_विटा: पोर्टला लॅपटॉप लावताना युजर विचारायचा असेल तर 802.1एक्स करा. आम्ही कॉलेजच्या लॅबला केलंय, मस्त चालतं.

गोदाम_सांगली: ते नकोय मला! स्विचमध्येच जाता येत नाही.

कुपवाडकर: सेव्ह केलंय का? नसेल तर वीज काढून परत लावा, जुनं कॉन्फिग येईल.

गोदाम_सांगली: सेव्ह नाही केलं. पण हळदीचे सौदे चालू आहेत, काट्यापुढं ट्रकांची रांग आहे. कॅमेऱ्यांना वीजही त्याच स्विचमधून.

केबलवाला_मिरज: मग हात लावू नका. पासवर्ड टाकल्यावर लगेच नाकारतो की थांबून?

गोदाम_सांगली: वीसएक सेकंद नुसता थांबतो.

केबलवाला_मिरज: सापडलं. 5 सेकंदांचा टाइमआउट, पहिला प्रयत्न धरून चार वेळा. म्हणजे सर्व्हर नकार देत नाही, उत्तरच देत नाही. त्या स्विचला दोन आयपी आहेत का?

गोदाम_सांगली: हो, कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनचा (त्यांच्यापुरत्या वेगळ्या नेटवर्कचा) वेगळा. त्याचा काय संबंध?

केबलवाला_मिरज: विनंती त्या आयपीवरून जात असेल. फ्रीरेडियस अनोळखी क्लायंटला, म्हणजे यादीत आयपी नसलेल्या स्विचला, उत्तर देत नाही. लॉग बघा, तो आयपी क्लायंट म्हणून घाला, सीक्रेट (स्विच आणि सर्व्हरमधला पासवर्ड) तेच ठेवा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. वीज काढायची गरजच नाही. आत गेलात की सोर्स इंटरफेस ठरवून द्या, म्हणजे विनंती कायम एकाच आयपीवरून जाईल. आणि लॉगिनच्या ओळीत ‘ग्रुप रेडियस’पुढं ‘लोकल’ आहे का बघा, म्हणजे सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर स्विचमधला पासवर्ड चालेल.

कुपवाडकर: वीज काढली असती तर दोन मिनिटांत झालं असतं.

केबलवाला_मिरज: आणि रांगेतल्या ट्रकवाल्यांना काय सांगायचं?

गोदाम_सांगली: आत गेलो! लॉगमध्ये तोच आयपी होता. ‘लोकल’ पाचही स्विचवर नव्हतं, सर्व्हर बंद पडला असता तर सगळेच गेले असते. आता एकेकावर घालतोय. लय उपकार.

जुना_अ‍ॅडमिन: घालताना स्विचमध्ये दुसरं सेशन उघडं ठेवा, चुकलं तर बाहेर अडकणार नाही. आणि टॅकॅक्सचा विचार कराच.