टीव्हीचा फॉरेन करस्पाँडंट व्हायचं तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: मला परदेशातून रिपोर्टिंग करायचंय, युद्ध, निवडणुका वगैरे. चॅनेलवाले डायरेक्ट बाहेर पाठवतात का, की आधी वर्षानुवर्षं डेस्कवर, म्हणजे ऑफिसात आलेल्या बातम्या हाताळत, बसावं लागतं?

प्रतिसाद १: डायरेक्ट फार क्वचित. प्रसिद्ध युद्ध-वार्ताहर क्रिस्तियान अमनपूर १९८३ मध्ये सीएनएन या अमेरिकन न्यूज चॅनेलला लागली ती फॉरेन डेस्कवर असिस्टंट म्हणून, नाव झालं ते आखाती युद्ध आणि मग बोस्नियातल्या युद्धामुळे, म्हणजे मधे बरीच वर्षं गेली. डेस्कला कमी समजू नका, कुठल्या फुटेजवर विश्वास ठेवायचा हे तिथेच कळतं.

प्रतिसाद २: भाषा शिका हो, आत्तापासून! मी काही वर्षं बाहेर कॅमेरा केलाय म्हणून सांगतो, स्क्रीनवर एक चेहरा दिसतो पण मागे कॅमेरामन, प्रोड्युसर आणि तिथला लोकल फिक्सर असतो, तोच भाषांतर करतो, ओळखी काढतो, कुठल्या रस्त्याने जाऊ नका ते सांगतो, आणि आपण विमानाने परत येतो तेव्हा तो तिथेच राहतो. त्याचं नाव-चेहरा दाखवायचा का हे त्याला विचारूनच ठरवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

प्रतिसाद ३: १९९१ चं बगदाद बघा. आखाती युद्धाच्या पहिल्या रात्री सीएनएनकडे लाइव्ह चित्र नव्हतंच, हॉटेलमधून फोर-वायर लाइनवर (फक्त आवाजासाठीची खास थेट लाइन) नुसता आवाज, तरी जग ऐकत बसलं. नंतर बाकीचे बहुतेक परदेशी पत्रकार निघाले, सीएनएनचा पीटर आर्नेट थांबला. म्हणून आधी बोलून वर्णन करायला शिका, कॅमेऱ्याचं नंतर.

मूळ प्रश्नकर्ता: थँक्यू, फिक्सरचा विचार मी केलाच नव्हता. अरबीचा क्लास शोधतोय.